ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल घरी बदलताना तापमान कसे तपासावे : नागपूरच्या हवामानासाठी मार्गदर्शन

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल घरच्या घरी बदलणारे बहुतेक जण ऑइल कोणते घ्यायचे, किती लिटर लागेल आणि नट किती आवळायचा याची चौकशी आधीच करून ठेवतात. ऑइलची पातळी ज्या तापमानाला तपासायची असते, त्या तापमानाची आठवण मात्र शेवटी होते. या कामातली सर्वांत नाजूक पायरी तीच आहे. नागपुरात ती आणखी अवघड होते, कारण अनेक गाड्यांच्या सर्व्हिस पुस्तिकेत पातळी तपासण्यासाठी सांगितलेले ३५ ते ४५ अंश सेल्सिअस हे तापमान मे महिन्यात इथल्या सावलीतल्या हवेचेच असते. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत दुपारी पोर्चमध्ये उभ्या असलेल्या गाडीचे ऑइल, इंजिन सुरू करण्यापूर्वीच, या मर्यादेच्या वरच्या टोकाला टेकलेले असते. म्हणून या शहरात हे काम कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी करावे, हा प्रश्न पाना हातात घेण्याच्या आधी सोडवावा लागतो.

सुरुवातीलाच एक खुलासा आवश्यक आहे. क्लच पेडल नसलेली प्रत्येक गाडी या मार्गदर्शनात बसत नाही. एएमटी किंवा एजीएस या नावाने विकल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये मूळ गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो. त्यात साधे गिअर ऑइल असते आणि तापमान पाहून पातळी ठरवण्याची ही पद्धत तिथे लागू होत नाही. कोरड्या क्लचच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सची व्यवस्थाही वेगळी असते. पुढील विवेचन टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची शक्ती ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या गिअरबॉक्ससाठी आहे. सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारा गिअरबॉक्स) आणि ओल्या क्लचच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सलाही यातले तत्त्व लागू पडते, परंतु त्यांचे ऑइल आणि तापमानाचे आकडे स्वतंत्र असतात.

तापमानाला इतके महत्त्व का

ट्रान्समिशन ऑइल तापले की फुगते. दर १० अंशांमागे त्याचे आकारमान साधारण पाऊण टक्क्याने वाढते. ज्या गिअरबॉक्समध्ये एकूण ७ लिटर ऑइल मावते, तिथे ४० अंशांचे ऑइल ९० अंशांवर गेले की सुमारे पाव लिटरचा फरक पडतो, आणि हा सगळा फरक खालच्या ऑइल पॅनमधल्या पातळीतच दिसतो, कारण टॉर्क कन्व्हर्टर, ऑइल कूलर आणि नळ्या आधीच भरलेल्या असतात. पॅनमधली बरीचशी जागा व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब हवा तिथे वळवणारा भाग) आणि फिल्टर यांनी व्यापलेली असल्यामुळे उरलेल्या जागेत पाव लिटर ऑइल बऱ्यापैकी उंची व्यापते.

वर्धा रोडवर लांब फेरी मारून आल्याबरोबर पातळी तपासली, तर फुगलेले ऑइल तपासणीच्या छिद्रातून, म्हणजे योग्य पातळीवरचे जास्तीचे ऑइल जिथून ओसंडते त्या छिद्रातून, वाहून जाते. गाडी थंड झाल्यावर आत उरते ते अपुरे. अशा गिअरबॉक्समध्ये जोरात ब्रेक लावताना किंवा चढावर पंपाच्या तोंडाशी हवा येऊ शकते, गिअर उशिरा पडतात, क्लच घसरतात आणि ऑइल आणखी तापते. उलट पक्षी, डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांवर पातळी नेमकी बसवली, तर गाडी तापल्यावर ऑइल जास्त होते, फिरत्या भागांना लागून त्याचा फेस होतो आणि ब्रीदरमधून (गिअरबॉक्समधली हवा बाहेर सोडणाऱ्या छिद्रातून) ते बाहेरही येऊ शकते. फेसाळलेले ऑइल दाब धरून ठेवत नाही, त्यामुळे जास्त ऑइलची लक्षणे पुष्कळदा कमी ऑइलसारखीच दिसतात आणि निदान चुकते. एक-दोन अंशांच्या फरकाने काही बिघडत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. मर्यादेच्या आत असणे पुरेसे आहे. वीस-तीस अंशांची चूक मात्र महागात पडते.

ही मर्यादा प्रत्येक गिअरबॉक्सची निराळी असते. आयसिन कंपनीच्या अनेक सहा गिअरच्या गिअरबॉक्ससाठी ती ३५ ते ४५ अंश, झेडएफच्या सहा आणि आठ गिअरच्या गिअरबॉक्ससाठी सामान्यतः ३० ते ५० अंश, तर ह्युंदाईच्या अनेक सहा गिअरच्या ऑटोमॅटिकसाठी ५० ते ६० अंश अशी आहे. तरीही आपल्या गाडीच्या मॉडेलची आणि त्याच वर्षाची सर्व्हिस पुस्तिका जो आकडा देते, तोच अंतिम मानावा. पुढे उदाहरणासाठी ३५ ते ४५ अंश हीच मर्यादा धरली आहे, कारण नागपूरच्या उन्हाळ्याशी तिचाच सर्वाधिक संघर्ष होतो.

तापमान कशाने मोजावे

सर्वांत विश्वासार्ह आकडा गिअरबॉक्सच्या आतल्या सेन्सरचा. तो वाचण्यासाठी स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या संगणकाची माहिती वाचण्याच्या जोडणीत) लावायचा स्कॅनर आणि मोबाइलवरचे ॲप लागते. इथे एक गंभीर गैरसमज होतो. स्वस्त स्कॅनर कोणत्याही गाडीत जे तापमान सहज दाखवतो ते इंजिनच्या कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) असते. कूलंट आणि ट्रान्समिशन ऑइल यांचा तापण्याचा वेग पूर्णपणे वेगळा असतो. जागेवर चालू ठेवलेल्या गाडीत कूलंट ८० अंशांवर पोहोचला तरी गिअरबॉक्सचे ऑइल त्याच्या कितीतरी मागे असू शकते. ट्रान्समिशनचे तापमान बहुतेक गाड्यांमध्ये उत्पादकाच्या स्वतंत्र कोडमधून वाचावे लागते. आपले ॲप आपल्या मॉडेलसाठी तो कोड वाचते की नाही, हे ऑइल काढण्याच्या कितीतरी दिवस आधी पाहून ठेवावे. खात्री करण्याचा उपाय सोपा आहे : गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी इंजिन न सुरू करता फक्त इग्निशन चालू करावे. त्या वेळी ट्रान्समिशनचा आकडा हवेच्या तापमानाच्या जवळपास दिसायला हवा, आणि इंजिन सुरू केल्यावर तो कूलंटपेक्षा वेगळ्या चालीने वाढायला हवा. दोन्ही आकडे शेवटपर्यंत हातात हात घालून चढत असतील, तर ॲप कूलंटच दाखवत आहे असे समजावे.

काही टोयोटा गाड्यांमध्ये तापमान तपासण्याची अंगभूत सोय असते. तो मोड सुरू केल्यावर डॅशबोर्डवरचा डी चा दिवा ऑइल योग्य तापमानाला आले की पेटलेला राहतो आणि तापमान मर्यादेबाहेर गेले की लुकलुकू लागतो. मात्र हा मोड सुरू करण्यासाठी ओबीडी सॉकेटमधल्या ठरावीक पिना जोडाव्या लागतात. चुकीच्या पिना जोडल्यास कंट्रोल युनिटला इजा होऊ शकते, म्हणून त्या गाडीची पुस्तिका समोर नसताना हा प्रयोग करू नये.

स्कॅनर नसेल तर दुसरा चांगला पर्याय म्हणजे तापमान मोजणारे मल्टिमीटर आणि त्यासोबत येणारी के प्रकारची थर्मोकपल वायर, जिच्या टोकाने तापमान मोजले जाते. वायरीचे टोक ऑइल पॅनच्या बाजूच्या भिंतीवर, ऑइलच्या पातळीच्या खाली, उष्णता सहन करणाऱ्या टेपने घट्ट चिकटवावे आणि त्यावर फोमचा किंवा जाड कापडाचा छोटा तुकडा लावून पुन्हा टेप लावावी, म्हणजे बाहेरची हवा त्या टोकाला लागणार नाही. पॅनच्या बाहेरचा आकडा आतल्या ऑइलपेक्षा काही अंश मागे राहतो. म्हणून बाहेर ३५ दिसण्याच्या थोडे आधीच आत मर्यादा सुरू झालेली असते असे धरून तयार राहावे.

इन्फ्रारेड थर्मामीटर आता पुष्कळांच्या घरी असते, परंतु या कामात तेच सर्वांत जास्त फसवते. ही साधने सहसा पृष्ठभागाची उत्सर्जकता (उष्णता किरणांच्या रूपात बाहेर टाकण्याची क्षमता) ०.९५ आहे असे गृहीत धरतात. उघड्या, चकचकीत ॲल्युमिनिअमची उत्सर्जकता त्याहून खूपच कमी असते, आणि ते आसपासच्या वस्तूंची उष्णता आरशासारखी परत फेकते. परिणामी तापलेल्या फरशीचे किंवा सायलेन्सरच्या पाइपचे तापमानच गिअरबॉक्सचे म्हणून वाचले जाते. पॅन काळ्या रंगाचा पत्र्याचा असेल तर अडचण कमी होते. ॲल्युमिनिअमचा असेल तर त्यावर काळी, चमक नसलेली टेप चिकटवून त्या टेपवरच नेम धरावा. साधन १५-२० सेंटिमीटरपेक्षा लांब धरू नये, कारण अंतर वाढले की मोजला जाणारा भाग मोठा होतो आणि शेजारची गरम नळी त्यात येते.

कोणतेही साधन वापरा, त्याची आधी परीक्षा घ्या. बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी ढवळून त्यात बुडवलेल्या थर्मोकपलने ० अंश दाखवायला हवे. उकळत्या पाण्यात नागपूरला ९९ अंश दिसणे बरोबर आहे, कारण शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे आणि इथे पाणी १०० च्या साधारण एक अंश आधीच उकळते.

वेळ आणि ऋतू

माझे ठाम मत असे आहे की नागपुरात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावे. थंडीच्या सकाळी रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे ऑइल १५ ते २० अंशांच्या आसपास असते, ३५ पर्यंत पोहोचायला पुरेसा अवधी मिळतो, आणि गिअर फिरवणे, खाली जाणे, छिद्राचा नट सैल करणे हे सगळे घाई न करता होते. पावसाळ्यातही तापमान सोयीचे असते. फक्त ओल्या जमिनीवर जॅक लावण्याचा धोका पत्करू नये आणि ऑइलचा उघडा डबा पावसाच्या हवेत ठेवू नये.

उन्हाळ्यात काम टाळता येत नसेल, तर गाडी आदल्या दिवशी दुपारपासूनच उभी ठेवावी आणि पहाटे उजाडताच सुरुवात करावी. मे महिन्यात नागपूरच्या रात्रीचे किमान तापमानही ३० अंशांच्या आसपास रेंगाळते. त्यात पश्चिमेकडे उघडा पोर्च आणि दिवसभर तापलेली काँक्रीटची जमीन असेल, तर गिअरबॉक्स त्याहूनही गरम राहतो. संध्याकाळी ऑफिसातून आणलेली गाडी सकाळपर्यंत पूर्ण निवेल अशी आशा धरू नये. ॲल्युमिनिअमचा तो जड गोळा उष्णता फार वेळ धरून ठेवतो. अशा सकाळी इंजिन सुरू केल्यापासून ४५ अंश ओलांडेपर्यंत मोजकीच मिनिटे हातात असतात. नवीन ऑइलचे डबे आदल्या रात्री घरात, पंख्याखालच्या खोलीत ठेवावेत. गाडीच्या डिकीत किंवा गच्चीवरच्या खोलीत ठेवलेले ऑइल स्वतःच ४० च्या पुढे गेलेले असते. ते फ्रिजमध्ये ठेवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण थंड डबा उघडताच दमट हवेतली वाफ आत साचू शकते आणि ट्रान्समिशन ऑइलला पाणी अजिबात मानवत नाही.

ज्यांच्या गिअरबॉक्सची मर्यादा ५० ते ६० अंश आहे, त्यांच्यासाठी गणित उलटे आहे. त्यांना उन्हाळ्याचा त्रास होत नाही, उलट जानेवारीत गाडी जागेवर चालू ठेवून ५० गाठायला बराच वेळ लागतो.

प्रत्यक्ष काम

गाडी चारही बाजूंनी सारख्या उंचीवर, मजबूत जॅक स्टँडवर हवी. फक्त पुढची चाके उचलून तपासलेली पातळी, तापमान कितीही अचूक असले तरी, चुकीचीच असते. दाराखालच्या पट्टीवर पाणसळ लांबीच्या आणि रुंदीच्या दोन्ही दिशांनी ठेवून समपातळीची खात्री करावी. नागपुरातल्या बऱ्याच घरांच्या पोर्चला पाणी वाहून जाण्यासाठी फाटकाकडे उतार दिलेला असतो. तो डोळ्यांना जाणवत नाही, पाणसळ मात्र दाखवते. पुढे इंजिन चालू ठेवायचे आहे, म्हणून शटर लावलेल्या बंद गॅरेजमध्ये हे काम कधीही करू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रंगावरून किंवा वासावरून ओळखता येत नाही.

ऑइल काढण्यापूर्वी भरण्याचा नट सुटतो का, हे सर्वप्रथम पाहावे. खालचा नट उघडून ऑइल काढले आणि वरचा गंजून अडकलेला निघाला, तर गाडी जागची हलवता येत नाही. जुने ऑइल कोमट असतानाच काढावे. ९० अंशांच्या ऑइलने हात गंभीर भाजतात. निघालेले ऑइल खुणा असलेल्या भांड्यात मोजावे आणि त्याचे तापमानही लिहून ठेवावे. साडेतीन लिटर ऑइल ६० अंशांवर निघाले असेल, तर २५ अंशांच्या नव्या ऑइलचे मोजमाप त्याहून सुमारे ९० मिलिलिटरने कमी भरते. म्हणजे मोजून भरणे ही फक्त सुरुवात आहे, पातळीचा अंतिम निर्णय छिद्रावरच होतो. पहिल्या भरणीत थोडे जास्तच घालावे, कारण जास्तीचे आपोआप बाहेर येते. कमी भरलेल्या गिअरबॉक्सने इंजिन सुरू करताच पंप हवा ओढतो. गाडीच्या पुस्तिकेत नमूद केलेल्या प्रकाराचेच ऑइल वापरावे. रंग सारखा दिसतो म्हणून दुसरे चालवून घेऊ नये.

आता इंजिन सुरू करावे. एसी बंद ठेवावा. घरातल्या जाणत्या माणसाला ड्रायव्हरच्या जागी बसवून, ब्रेक घट्ट दाबून ठेवायला सांगून, गिअर पी, आर, एन, डी असा फिरवत प्रत्येक ठिकाणी चार-पाच सेकंद थांबावे आणि परत पी वर यावे. चाके अधांतरी असल्याने हे चालू असताना कोणीही गाडीखाली असता कामा नये. या फेऱ्यांमुळे कन्व्हर्टर, क्लच आणि कूलरच्या नळ्या भरतात. इंजिन बंद असताना पातळी तपासल्यास त्यांतले काही ऑइल पॅनमध्ये उतरून आकडा फसवा मिळतो. म्हणून पातळी छिद्रावर पाहायची असलेल्या बहुतेक गिअरबॉक्समध्ये इंजिन चालू ठेवूनच तपासणी होते.

तापमान ३५ ओलांडताच, इंजिन चालू आणि गिअर पी वर असताना, तपासणीचा नट उघडावा. काही गिअरबॉक्समध्ये हा नट ड्रेन नटच्या आत बसवलेला असतो आणि त्यात एक उभी नळी असते; ऑइल त्या नळीच्या तोंडावरून ओसंडते, म्हणून नट काढल्यावर नळीत साचलेले थोडे ऑइल पडणारच, तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. धार लागली तर ती बारीक होऊन थेंब-थेंब पडेपर्यंत थांबावे. काहीच आले नाही तर हातपंपाने थोडे-थोडे ऑइल भरत राहावे, आणि ओसंडायला लागले की पुन्हा थेंबांवर येऊ द्यावे. हे सगळे ४५ अंशांच्या आत आटोपायला हवे. याच वेळी पडणारे ऑइल छोट्या वाटीत धरून त्यात थर्मोकपलचे टोक बुडवल्यास स्कॅनरच्या आकड्याची पडताळणीही होते. नवा वायसर लावून नट बंद करावा आणि पुस्तिकेतल्या टॉर्कनेच आवळावा. ॲल्युमिनिअमचे आटे फार लवकर खराब होतात.

मध्येच तापमान मर्यादेबाहेर गेले, तर धार अजून चालू असली तरी नट लावून टाकावा आणि इंजिन बंद करावे. ऑइल निवण्यासाठी हिवाळ्यात काही तास पुरतात, मे महिन्यात मात्र दुसरी पहाटच गाठावी लागते. पॅनवर ओले फडके घालून किंवा पाणी मारून घाईने थंड करण्याचा उपयोग नाही, कारण त्याने बाहेरचा पत्रा थंड होतो आणि आतल्या ऑइलबद्दल आपले माप खोटे ठरते.

डिपस्टिक असलेल्या गाड्या

जुन्या गाड्यांमध्ये गिअरबॉक्सला डिपस्टिक असते आणि तिच्यावर कोल्ड आणि हॉट अशा दोन खुणा असतात. हॉटची खूण अनेक गाड्यांत साधारण ७० ते ८० अंशांसाठी असते आणि खरी तपासणी तिच्यावरच करायची असते. कोल्डची खूण साधारण २० ते ३० अंशांच्या ऑइलसाठी, तीही अंदाजापुरती दिलेली असते. एप्रिल-मे मध्ये नागपूरला पहाटेची वेळ सोडल्यास रात्रभर उभी राहिलेली गाडीसुद्धा या अर्थाने थंड नसते; दुपारी ४२ अंशांच्या ऑइलवर कोल्डची खूण वाचून कमी-जास्त करत बसणे चुकीचे आहे. अशा गाडीत थोडी फेरी मारून हॉटचीच खूण पाहावी. इंजिन चालू ठेवायचे की बंद करायचे, हे पुस्तिकेत पाहून ठेवावे. होंडाच्या अनेक गाड्यांत इंजिन बंद करून एक-दीड मिनिटाच्या आत डिपस्टिक काढायची असते.

बदलल्यानंतर

एका वेळी पॅनमधून निघते ते एकूण ऑइलच्या निम्म्याहूनही कमी असते, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून काही दिवसांनी पुन्हा काढून भरण्याची पद्धत आहे. दर वेळी तापमानाची तपासणी नव्याने करावी लागते. पॅन उघडला असेल तर चुंबकांवरचा बारीक राखाडी लेप पुसून घ्यावा, तो नेहमीच्या झिजेचा असतो. हाताला टोचणारे धातूचे कण दिसले तर ऑइल बदलून प्रश्न सुटणार नाही, गिअरबॉक्स जाणकाराला दाखवावा.

पहिली फेरी शांत रस्त्यावर मारावी आणि स्कॅनरवर आकडा पाहत राहावा. साध्या चालण्यात तो ८० ते ९५ च्या दरम्यान स्थिरावणे सामान्य आहे. उन्हाळ्यात वाहतुकीत अडकल्यावर तो सतत ११५-१२० च्या वर जात असेल, तर पातळी आणि कूलर दोन्हींची तपासणी करावी, कारण ऑइलचे ऑक्सिडेशन, म्हणजे त्याचे जळणे-काळवंडणे, ढोबळमानाने दर १० अंशांना दुप्पट वेगाने होते. तारीख, किलोमीटर, निघालेले आणि घातलेले ऑइल, आणि नट बंद करतानाचे तापमान गाडीच्या वहीत लिहून ठेवावे.

जुने ऑइल गटारात ओतू नये. आपल्याकडची गटारे आणि नाले अखेर नाग नदीत आणि पिवळ्या नदीतच जातात. वापरलेले ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. ते झाकणाच्या डब्यात भरून, पाणी किंवा कूलंट न मिसळता, जुने ऑइल अधिकृत पुनर्वापराकडे पाठवणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे द्यावे.